अण्णांच्या निवृत्तीची शास्त्रीय तपासणी

निवृत्तीचे योग्य वय नेहमी दुसऱ्याला झालेले असते. आमच्या रंगाच्या कारखान्यातील क्रिकेट संघाचा दोन महिने अभ्यास करून मी हा निष्कर्ष काढला आहे आणि अद्याप त्याला अपवाद सापडलेला नाही. (नमुना लहान आहे: अकरा खेळाडू आणि एक बारावा.)

संघाचे सलामीवीर अण्णा स्टोअर्समध्ये काम करतात. वय एकोणसाठ. नोकरीतून ते कोणत्या तारखेला बाहेर पडणार हे त्यांच्या ओळखपत्राच्या मागे छापलेले आहे. सलामीच्या जागेवरून केव्हा बाहेर पडणार हे कुठेच छापलेले नाही, आणि कारखान्यात जे छापलेले नसते ते घडत नाही.

गेल्या तीन मोसमांत अण्णांनी एकोणीस डावांत एक्केचाळीस धावा केल्या. सरासरी २.१६. (खरी सरासरी २.१५८ आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत आम्ही वरच्या अंकाला धरतो.) पायचीत मात्र ते सात वर्षांत एकदाही झालेले नाहीत. आमचे पंच एरवी कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेतात आणि दोन मिनिटांच्या उशिरालाही लाल शेरा मारतात, पण अण्णांच्या पॅडवर चेंडू आदळला की ते आभाळाकडे पाहतात. विचारले तर म्हणतात, "गुडघे दुखतात रे त्यांचे. त्यात आणखी मी कशाला बोट वर करू?"

बारावा रंग मिसळण्याच्या विभागात आहे. अकरा वर्षे तो बारावा खेळाडू आहे. पाणी नेतो, हातमोजे नेतो, कुणी लंगडू लागले की त्याच्या जागी क्षेत्ररक्षण करतो. बदली खेळाडूला फलंदाजी मिळत नाही, त्यामुळे त्याचे पॅड अजून दुकानात होते तसे पांढरे आहेत. पुढच्या महिन्यात त्याची बदली नव्या शाखेत होणार होती. तिथे मैदान नाही, वाहनतळ आहे. म्हणून वार्षिक सामन्याच्या आधी त्याने कप्तानाला अर्ज दिला. तो संपूर्ण येथे देतो: "मला एकदा फलंदाजी करायची आहे. कोणत्याही क्रमांकावर. बाद होईपर्यंत."

कप्तानाने अर्ज दोनदा वाचला, घडी केली आणि म्हणाला, "ह्यावर समिती नेमावी लागेल."

मी म्हटले, "अण्णांना सरळ सांगितले तर?"

"तू सांगतोस?"

समिती नेमण्यात आली. सदस्य तीन: कप्तान, पंच, आणि शास्त्राचा पदवीधर म्हणून मी. कार्यकक्षा दोन मुद्द्यांची होती. एक, अण्णांनी थांबण्याची वेळ झाली आहे काय? दोन, ते खेळत राहतात हा स्वार्थ आहे काय?

पहिल्या मुद्द्यासाठी मी मोजमापे घेतली. पायाशी आलेल्या चेंडूपर्यंत वाकून पोहोचायला अण्णांना सरासरी ३.८ सेकंद लागतात. जोरात मारलेला चेंडू त्यांच्यापासून सीमारेषेपर्यंत २.६ सेकंदांत जातो. म्हणजे चौकार होऊन १.२ सेकंद झाल्यावर अण्णांचा हात जमिनीला टेकतो. यातून एक अनपेक्षित गोष्ट सिद्ध झाली: अण्णांच्या हातून आजवर एकही चेंडू सुटलेला नाही. सुटण्यासाठी हात आधी तिथे असावा लागतो.

प्रतिक्रियेचा वेग मोजायला मी फूटपट्टी उभी धरून अचानक सोडली. ती अण्णांच्या बोटांमधून खाली गेली. मग मीटरची पट्टी आणली. तीही गेली.

"तू न सांगता सोडलीस," अण्णा म्हणाले.

"न सांगताच सोडायची असते, अण्णा."

"मग ही परीक्षा क्रिकेटची नव्हे. गोलंदाज लांबून धावत येतो, बाबा. दिसतो."

"मुद्दा आहे," पंच म्हणाले, आणि चाचणी रद्द झाली.

दुसरा मुद्दा अधिक कठीण होता. स्वार्थ मोजण्याचे एकक उपलब्ध नाही. मी सुचवले की स्वार्थ म्हणजे एखाद्या कृतीतून कर्त्याला होणारा लाभ. ही व्याख्या एकमताने मान्य झाली आणि तिथून पुढे तर्क आपल्या पायाने चालू लागला. खेळून अण्णांना काय लाभ होतो? दर डावाला दोन धावा आणि दोन दिवस पाठदुखी. कुणीही शहाणा माणूस याला लाभ म्हणणार नाही. सबब अण्णांचा स्वार्थ शून्य, किंबहुना शून्याच्या किंचित खाली. याउलट बारावा फलंदाजीला गेला तर त्याला आनंद होईल, असे त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात सूचित केले आहे. सबब संघात स्वार्थी माणूस एकच आढळतो.

मी गणित तीनदा तपासले. चूक नव्हती.

"तरी मला वाटायचंच," कप्तान म्हणाला. "शांत माणसं आतून अशीच असतात."

मी मात्र आग्रह धरला की अहवालावर सही करण्याआधी अण्णांचे म्हणणे ऐकावे. तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, कँटीनमध्ये सगळा संघ जमला. अण्णांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि अभ्यासाच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीचे विधान केले.

"अरे, मी तर चार वर्षांपूर्वीच थांबणार होतो. बायको रोज विचारते, तुमच्याकडे दुसरं कुणी नाही का? पण तुम्ही कुणी म्हणतच नाही. मला वाटलं, तुम्हाला गरज आहे. तुमच्यासाठी खेळतोय मी."

त्यांनी एकेकाकडे पाहिले.

"बोला की! नको असेन तर आत्ता सांगा. राग मानणार नाही."

मी घड्याळ लावले. पहिला आवाज सहा सेकंदांनी आला.

"छे छे, अण्णा! काहीतरीच काय!" हा कप्तान.

"तुमच्याशिवाय संघ कसला?" हे पंच. (ते संघात नाहीत.)

मग सगळेच बोलू लागले. यष्टिरक्षकाने तर अण्णांचे पाय धरण्यापर्यंत मजल मारली असती, पण मध्ये टेबल होते. अण्णा सगळ्यांना हाताने थांबवून बाराव्याकडे वळले.

"तू सांग रे. तुझा अर्ज आहे म्हणे. मी थांबू का?"

बाराव्याचे दोन्ही हात मांडीवर होते. नखांच्या कडांना निळा रंग होता. त्याला हो म्हणायला एक अक्षर पुरले असते. ते मी त्याच्या ओठांपर्यंत आलेले पाहिले.

"नका थांबू, अण्णा," तो म्हणाला. "अजून किती छान खेळता तुम्ही."

"बघ हं. नंतर म्हणशील, म्हाताऱ्याने जागा अडवली."

"नाही हो. असं कसं म्हणेन?"

अण्णांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले. निराश झालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो याची माझ्याकडे मोजपट्टी नाही, म्हणून तो नोंदवत नाही. ते एवढेच म्हणाले, "बरं. मग उद्या लवकर येतो. पॅड बांधायला वेळ लागतो हल्ली."

अर्ज निकाली निघाला. समितीची शिफारस अशी: कुणी थांबावे हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि त्याने विचारल्यास इतरांनी नाही म्हणावे. माझी सही तिसरी आहे. अक्षर सुवाच्य आहे.

दुसऱ्या दिवशी सामना झाला. अभ्यासाला पूर्णता यावी म्हणून मी प्रेक्षकांचीही नोंद ठेवली. दोनशे बारा माणसे होती. हा मजकूर वाचताना तुम्हाला बाराव्याची दया आली असेल, आणि कप्तानाच्या जागी आपण असतो तर अण्णांना स्पष्ट सांगितले असते, असेही वाटले असेल. माझी नोंद वेगळी आहे. तिसऱ्या रांगेत, डावीकडून पाचव्या खुर्चीवर तुम्ही होतात. बारावा कडेने जात होता तेव्हा तुम्ही त्याला नाव न विचारता हाक मारून पाणी मागितलेत, आणि त्याने दिले. टाळ्या तुम्ही दोनदा वाजवल्यात. एकदा अण्णा मैदानात जाताना, एकदा ते शून्यावर परतताना. दुसऱ्या वेळी तुम्ही उभेही राहिलात आणि शेजारच्याला म्हणालात, "अजून दोन वर्षं तरी सहज खेळतील." ते अण्णांनी ऐकले.