हशमत आगांचं आपोआप आदरातिथ्य

इस्फहानच्या मिठाई-उत्पादक संघाचं परिपत्रक क्रमांक सतरा हशमत आगांच्या दुकानात पोहोचलं तेव्हा नवरोज, म्हणजे नवं वर्ष, पाच आठवड्यांवर आला होता. परिपत्रकात म्हटलं होतं की, प्रत्येक सभासदाने समाजमाध्यमावर आपली ‘प्रभावी उपस्थिती’ नोंदवावी आणि किमान दहा हजार अनुयायी प्राप्त करून तसा पुरावा सादर करावा. उपस्थिती प्रभावी नसल्यास ती अनुपस्थिती समजण्यात येईल. ज्या ॲपवर उपस्थित राहायचं होतं ते सरकारने बंद केलेलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांच्या फोनवर होतंच. परिपत्रकही आधी तिथेच प्रसिद्ध झालं होतं.

हशमत आगांना अनुयायी नको होते, गिऱ्हाइकं हवी होती. आजोबांच्या वेळेपासून त्यांच्या दुकानात गज़ बनत असे. ही पिस्ते घातलेली पांढरी, चिवट मिठाई पिठात पुरून ठेवलेली असते. ती फोडायला हातोडी लागते आणि खायला स्वतःचे दात. समोरच्या सिरूस आगांनी कारखान्याचा गज़ चकचकीत कागदात गुंडाळून ठेवला आणि गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. आता सिरूस आगांना गोदामासाठी हशमत आगांचं दुकानच हवं होतं. गज़वाल्याचं वर्ष नवरोजच्या आधीच्या महिन्यात ठरतं. यंदाचा महिना हुकला की दुकान जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून दोघं रोज सकाळी एकमेकांच्या तब्येतीची फार आस्थेने चौकशी करत.

मुलगी पेगाह व्यवस्थापनाची पदवी घेऊन दोन वर्षं घरीच होती. तिने दुपारभरात पेज उघडलं, हातोडीने गज़ फोडतानाचं बापाचं चलचित्र टाकलं आणि एक अडचण मांडली.

“बाबा, लोक वेळी-अवेळी किंमत विचारणार. प्रत्येकाला कोण उत्तर देत बसेल? आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवू. काय लिहू?”

“लिही, तुमच्यापुढे किमतीची काय कथा, घेऊन जा.”

“अहो, त्यांनी किंमत विचारलीय.”

“विचारल्याबरोबर सांगू? मी काय टॅक्सीचा मीटर आहे?”

“पुन्हा विचारलं तर?”

“तर म्हणायचं, दुकान तुमचंच आहे, लाजवू नका.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा माणसाच्या तोंडाकडे बघायचं, उसासा टाकायचा आणि किंमत सांगायची. थोडी वाढवून.”

पेगाहने फोनमध्ये बराच वेळ शोधलं. “यात तोंड बघायची सोय नाही, बाबा.”

“मग ती जागा रिकामी सोड. शहाण्याला कळतं.”

इथे आमच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्हा इस्फहानच्या लोकांइतकी उदार माणसं देशात सापडायची नाहीत. भेटेल त्याला आम्ही घर देतो, दुकान देतो, वरून जीव ओवाळून टाकतो. कारण त्यातलं काहीच कुणी नेणार नाही याची आम्हाला पक्की खात्री असते. रीत अशी की देणाऱ्याने तीनदा द्यायचं आणि घेणाऱ्याने तीनदा नाही म्हणायचं. त्याउपर कुणी चौथ्यांदा दिलं, तर मात्र ते खरंच दिलेलं असतं आणि नाकारणं हा अपमान ठरतो. आमच्या अडीच हजार वर्षांच्या इतिहासात चौथ्यांदा कुणी दिल्याची नोंद नाही.

यंत्राने पहिल्याच दिवशी दिलं.

शिराजच्या श्रीमती फरहमंद या निवृत्त शिक्षिकेने अर्धा किलोची किंमत विचारली. तुमच्यापुढे किमतीची काय कथा, असं यंत्र म्हणालं. त्यांनी पुन्हा विचारलं. दुकान तुमचंच आहे, लाजवू नका. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. यंत्राजवळ ना समोरच्याचं तोंड होतं ना उसासा. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. बाईंनी चौथ्यांदा विचारलं, चौथं उत्तर वाचलं, डोळे पुसले आणि लिहिलं, “आता इतका आग्रह करताय तर मी कोण नाही म्हणणार. पत्ता पाठवते.”

हशमत आगांनी तो पत्ता तीनदा वाचला.

“कळवून टाकते की चूक झाली,” पेगाह म्हणाली.

“काय कळवशील? हशमतच्या नावाने दिलं ते यंत्राने, हशमतने नाही? उद्या शिराजमध्ये तोंड दाखवायची सोय राहील का?”

“तुम्ही आयुष्यात शिराजला गेला नाहीत.”

“आता तर जाताच येणार नाही,” असं म्हणून त्यांनी डबा बांधायला घेतला.

श्रीमती फरहमंद यांनी डबा उघडतानाचं चलचित्र टाकलं आणि खाली लिहिलं की, जुनी माणुसकी अजून जिवंत आहे, फक्त चारदा विचारावं लागतं. आठवड्याच्या आत हशमत आगांचे अनुयायी दोनशे बारावरून एकोणीस हजारांवर गेले. तबरिजचे लोक चारदा विचारू लागले, अहवाजचे लोक चारदा विचारू लागले. पुढे पुढे घाईतले लोक ‘किंमत, किंमत, किंमत, किंमत’ असं एकाच दमात लिहून पत्ता टाकू लागले. दुकानात सकाळी भट्टी पेटे, दुपारी डबे भरले जात आणि संध्याकाळी ते सगळे टपालाने निघून जात. असा धंदा आजोबांच्या काळातही झाला नव्हता. त्यात पैसे येत नव्हते एवढीच काय ती उणीव होती.

तिसऱ्या आठवड्यात भिंतीलगत रचलेली साखरेची पोती संपून मागची भिंत दिसायला लागली, तेव्हा हशमत आगांनी मन घट्ट केलं आणि पेजवर दरपत्रक लावलं. एका तासात दोन हजार अनुयायी निघून गेले. उरलेल्यांनी विचारलं, आगा, आमच्यावर रागावलात का? एकाने लिहिलं, यश डोक्यात गेलं. रागाचं चिन्ह पाठवणाऱ्यांत श्रीमती फरहमंद पहिल्या होत्या. डबा खाऊन झाला होता.

पाठोपाठ संघाच्या सचिवांचा फोन आला.

“हशमत आगा, तुमचं नाव आम्ही ‘आदर्श आभासी व्यापारी’ म्हणून वर कळवलंय. तुमचे अनुयायी घटताहेत.”

“सचिवसाहेब, विक्री होत नाहीये.”

“परिपत्रकात विक्रीचा उल्लेख आहे का?”

“नाही.”

“मग विषय भलतीकडे नेऊ नका. दरपत्रक काढा. आणि पुढच्या मंगळवारी ‘शून्यातून व्यवसायवृद्धी’ यावर तुमचं व्याख्यान ठेवलंय.”

हशमत आगांनी दरपत्रक काढलं आणि मंगळवारी व्याख्यानही दिलं. शून्याबद्दल ते बरंच बोलले. श्रोत्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि बाहेर पडताना प्रत्येकाने त्यांना किंमत विचारली.

नवरोजला सहा दिवस उरले असताना सिरूस आगा रस्ता ओलांडून आले. पेगाह तेव्हा पेजवरून थेट प्रक्षेपण करत होती. भट्टी विझली होती, तरी अनुयायी आता साठ हजार होते आणि रिकाम्या दुकानातली उदारता पाहायला ते रोज जमत.

“बसा, सिरूस आगा. चहा घ्या.”

“चहा नको. तुम्हाला सरळच सांगतो, तुमचं दुकान आवडलंय मला. काय मागाल?”

हशमत आगांनी फोनकडे पाहिलं. साठ हजार माणसं त्यांच्याकडे पाहत होती. साठ हजार माणसांसमोर मी काय टॅक्सीचा मीटर व्हायचं, असं त्यांना वाटलं असावं. “तुमच्यापुढे किमतीची काय कथा,” ते म्हणाले.

“असं कसं? बापजाद्यांचं दुकान आहे.”

“तुमचंच आहे. लाजवू नका.”

“हशमत आगा, थट्टा पुरे. आकडा सांगा.”

आता तोंडाकडे बघायचं होतं. हशमत आगांनी बघितलं. सिरूस आगांचं तोंड चेंगट गिऱ्हाइकासारखं लांबट होतं आणि त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मग उसासा टाकायचा होता, तोही टाकला. पण फोनमधून लाल हृदयं अशी भराभर वर उडत होती, की महिनाभर यंत्राचं बोलणं ऐकलेले हशमत आगा उसाशानंतर काय म्हणायचं असतं तेच विसरले.

“तुमच्यापुढे किमतीची काय कथा,” ते तिसऱ्यांदा म्हणाले. सिरूस आगांनी पुन्हा आकडा विचारला, तेव्हा ते चौथ्यांदा म्हणाले, “घेऊन जा.”

सिरूस आगा सभ्य गृहस्थ होते. अपमान त्यांच्याच्याने होणं शक्य नव्हतं. “इतका आग्रह करताय तर,” ते म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

आमच्या बाजारात अशा वेळी आणखी एक रीत आहे. कुणी बोलण्याच्या भरात फार पुढे गेला, की बाजूला उभा असलेला कुणीही, मग तो अनोळखी का असेना, मध्ये पडतो आणि म्हणतो, “जाऊ द्या हो, माणूस सौजन्याने बोलला.” तेवढ्याने देणाराही सुटतो आणि घेणाराही. ज्याने कधीच असं कुणाला सोडवलं नाही असा माणूस इस्फहानमध्ये नाही. हशमत आगा किल्ली हातात धरून त्या एका वाक्याची वाट पाहत थांबले. पेगाहनेही फोन जरा जवळ नेला, म्हणजे कुणी लिहिलंच तर वाचता यावं.

त्या दिवशी बाजूला साठ हजार माणसं उभी होती. वाक्य कुणीच लिहिलं नाही. हृदयं मात्र सगळ्यांनी पाठवली, आणि त्यात तुमचंही एक होतं; एरवी तुम्ही इतक्या खालपर्यंत वाचत आला नसता.