परबकाकांची सुतळी

रिमोटवर चालणाऱ्या होडीला मागून सुतळी बांधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे परबकाका.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना होता. काका लेथवर, मी स्टोअरमध्ये. बाकीचे रंगीत टीव्ही घ्यायची स्वप्नं रंगवत होते, तेव्हा काकांनी भंगारवाल्याकडून एक मोडकी परदेशी खेळण्यातली होडी आणली आणि दीड वर्ष जेवणाची सुट्टी तिच्यावर घालवली. मोटर नव्यानं गुंडाळली, पितळेचा पंखा लेथवर कातला, रिमोटमधल्या गंजक्या स्प्रिंगच्या जागी बॉलपेनातली बसवली. "काका, बांगडा थंड झाला," म्हटलं की म्हणायचे, "बांगडो मेलेलोच आसा रे, तेका कसली घाई!"

अखेर कारखान्याच्या हौदात होडी चालली. झकास चालली. पण मागे सुतळी. हातभर गेली की काका तिला ओढून घ्यायचे.

"काका, कुत्र्याला फिरवताय काय?" आमचा वेल्डर विचारायचा.

"जावक काय, ओंडको पण जाता. परत येवक व्हयी!" हे काकांचं ठरलेलं उत्तर.

मग कारखान्याची सहल मनोरीला गेली. मार्व्याहून होडीत बसलं की दहा मिनिटांत खाडीपलीकडे. काका मात्र पहाटेच घरून निघाले आणि भाईंदरवरून, बस बदलत, रस्त्यानं आले. आम्ही तोवर जेवायला बसलो होतो. त्यांच्या बगलेत होडीचं खोकं. सगळे हसले. मी जरा जास्तच.

दुपारी मंडळी आडवी झाली आणि आम्ही दोघं गावच्या तळ्यावर गेलो. सुतळी बोटाला गुंडाळता गुंडाळता काका सांगू लागले. त्यांचे वडील मालवणला मालाच्या गलबतावर होते. काका सात वर्षांचे असताना ते गेले, ते आलेच नाहीत. आई रोज तिन्हीसांजेला बंदरावर जाऊन बसायची.

"आणि मी तिचो पदर धरून. दोन वर्सां."

मघाचं हसणं मला फार टोचलं. काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सोडून तर बघा, काका."

काकांनी बराच वेळ गाठ चाचपली. मग सोडली.

होडी थेट तळ्याच्या मध्यावर गेली आणि शेवाळात अडकली. काका बटण दाबत राहिले, कपाळावर घाम. शेवटी तिनं नाक वळवलं आणि डुगडुगत त्यांच्या पायाशी आली.

"इली रे!" काका ओरडले. "इली!" आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसू लागले.

संध्याकाळी आम्ही परतीच्या होडीसाठी धक्क्यावर आलो, तर काका मागोमाग. "मी पण येतंय," म्हणाले. खिशातून सुतळी काढून त्यांनी एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला.

खाडीभर काकांनी डोळे घट्ट मिटले होते. मार्व्याच्या धक्क्याला होडी टेकली तेव्हा मी सुतळी हळूच ओढली.

"काका, आलो परत."

मग त्यांनी डोळे उघडले.