बाळारामकाकांचा फ्यूज बॉक्स

बाळारामकाकांच्या मोटारसायकलला पंखा आहे. हँडलच्या मधोमध, काकांच्या छातीकडे तोंड करून बसवलेला, तळहाताएवढा निळा पंखा. "काका, गाडी चालली की वारा लागतोच ना?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"चालली की लागतो. रेल्वेच्या फाटकात थांबली की? तवा काय तू पदरानं वारा घालनार काय गो?"

पंखा ही फक्त सुरुवात होती. पुढे दोन जादा दिवे, त्यांतला एक पिवळा, कारण "धुक्यात पिवळा दिसतो आनि पांढरा नुसता शोभतो." दोन भोंगे, एक माणसांसाठी आणि एक ट्रकांसाठी. मोबाईल चार्ज करायची सोय पुढेही आणि मागेही. गाण्यांचा डबा. शिवाय मागच्या पावदानाजवळ एक छोटासा दिवा. मागे बसलेल्याला उतरताना चिखल दिसावा म्हणून!

हा मागे बसलेला माणूस म्हणजे मी. माझा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. मी सासूबाईंबरोबर रोह्याजवळ वरसे गावात राहते आणि डोलवीच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. काका आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहायचे आणि त्याच कंपनीत स्टोअरला होते. मला नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी कुंपणावरूनच हाक मारून सांगितलं, "बाळाराम, हिला नेत जा रे तुझ्यासंगं." काकांनी "व्हय" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मागचा चार्जर बसवला. "हिच्या नवऱ्याचा फोन येयाचा बोटीवरनं, आनि हिची बॅटरी संपलेली. नाय चालनार."

काकांनी लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायचे, "रायलं." रविवारी कपडे धुवायचे राहतात, तशा सुरात.

तर या सगळ्या वस्तूंना वीज कुठून मिळायची? हेडलाईटच्या वायरमधून. नवी वस्तू आली की काका त्याच वायरचं साल काढायचे, नवी वायर पिळायचे आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळायचे. हेडलाईटमागे त्या पट्टीचा असा गोळा झाला होता की एकदा एका पोलिसाने तो दाबून बघितला आणि बोटं पुसत आम्हाला जाऊ दिलं.

एका पावसाळी सकाळी आम्ही भिसे खिंड उतरत होतो. गाणं चालू होतं, पंखा चालू होता, दोन्ही दिवे चालू. एका वळणावर सगळं एकदम गप्प झालं. गाणं, दिवे, इंजिनसुद्धा. मागून टँकर येत होता. काकांनी भोंगा दाबला, मग दुसरा दाबला. रस्त्यावरची सगळ्यात बडबडी गाडी, आणि तिच्या तोंडून चकार शब्द निघेना. मागचा लाल दिवाही विझलेला. काकांनी कशीबशी गाडी कडेला घातली, मी गटारात उडी मारली आणि टँकर आमच्या अंगावर चिखल उडवत निघून गेला.

पंख्याची वायर हँडलखाली घासून उघडी पडली होती. तिने गाडीचा एकुलता एक फ्यूज उडवला होता. एक दुचाकीवाला थांबला. त्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली. "काका, ही गुंडाळा फ्यूजला. जाल घरापर्यंत."

"चांदी गुंडालू?" काका खवळले. "अरे, त्याचं कामच वितळायचं हाय! त्याला वितळू दिलं नाय तर गाडी पेटंल ना, बाबा!"

तो मनुष्य चांदी परत खिशात घालून निघून गेला. आम्ही टेम्पो थांबवून गाडी वर चढवली. कंपनीत काकांना नोकरीतला पहिला उशिराचा शेरा मिळाला. मला वाटलं, त्याचंच त्यांना लागलंय. संध्याकाळी सासूबाईंना सांगत होते ते मी आतून ऐकलं. "ताई, पोर गटारात उभी होती. माझ्या पंख्यापायी."

त्या रविवारी काका पेणला गेले आणि वेगळा फ्यूज बॉक्स घेऊन आले. साबणाच्या वडीएवढा काळा डबा. आत रांगेने घरं, प्रत्येक घरात रंगीत फ्यूज. बॅटरीवरून एकच जाड वायर या डब्यात यायची, आणि पुढे प्रत्येक वस्तूला स्वतःची वायर आणि स्वतःचा फ्यूज. गाडीच्या मूळच्या वायरला कुणी हात लावायचा नाही. दुकानदाराने हे समजावलं होतं आणि काकांनी ते अर्ध्या गावाला समजावलं.

अंगणात चटई घालून काम सुरू झालं. सीट काढली, टाकी काढली. चिकटपट्टीचा गोळा सुटता सुटेना, तो शेवटी विळीने कापला. काका काही इलेक्ट्रिशियन नव्हते, नुसतेच हौशी. पहिल्यांदा जोडून झालं तेव्हा भोंगा दाबल्यावर पंखा फिरला. दुसऱ्यांदा पंखा लावल्यावर ट्रकचा भोंगा वाजला आणि सासूबाईंच्या हातून तांदूळ पाखडायचं सूप पडलं. "बाळाराम, मेल्या!" काकांनी शांतपणे सगळं उचकटलं आणि पुन्हा जोडलं.

मग मला बोलावलं. सगळं चालू होतं. "आता कुठलाबी एक फ्यूज उपट."

मी एक उपटला. पंखा थांबला. गाणं चालू, दिवे चालू, इंजिन चालू.

"बघ!" काका जवळजवळ नाचलेच. "पंखा मेला, बाकीची जिवंत! एकापायी सगल्यांनी का मरायचं?"

हे वाक्य त्यांना असं चिकटलं की पुढे सुटलंच नाही. कॅन्टीनमध्ये आमटी करपली म्हणून जेवणच थांबवलं, तर काका काउंटरवर जाऊन म्हणाले, "भात तर चांगला हाय ना? एकापायी सगल्यांनी का मरायचं?" एका कंत्राटदाराचे कागद अडकले म्हणून सगळ्या कामगारांना गेटवर उन्हात उभं केलं होतं, तेव्हा त्यांनी साहेबाला हेच ऐकवलं. साहेब हसला, पण बाकीच्यांना आत सोडलं.

मग काका निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. भाषण करा म्हटलं तर ते माईककडे बघत राहिले, म्हणाले, "वायर सैल हाय याची," आणि खाली बसले.

आता मी कशी जाणार? नवऱ्याची मोटारसायकल दारात झाकून ठेवलेली होती. "चालव की," काका म्हणाले. त्यांनीच मला मैदानात शिकवलं. मी पडले की ओरडायचे, "गाडीला काय झालं नाय ना?" आणि आधी माझं कोपर बघायचे. मी शिकल्यावर त्यांनी माझ्या गाडीलाही तसाच फ्यूज बॉक्स बसवला. मला एक चार्जर पुरला असता. काकांनी दिवे, भोंगा, सगळं लावलं. पंखा मात्र मी लावू दिला नाही.

पहिल्या सकाळी मी निघाले, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून आपली गाडी काढून तयार. "नवी वायर हाय. गरम होते काय बघाया पायजे. नागोठन्यापर्यंत येतो."

ते माझ्या मागे अंतर राखून येत राहिले. वाटेत नागोठण्याला थांबून त्यांनी सीटखाली हात घातला, डोळे मिटून अंदाज घेतला. "थंड हाय." मग आम्ही चहा प्यायलो. "जा आता, शिफ्ट चुकंल." मी निघाले. आरशात ते टपरीपाशी उभे दिसत राहिले.

दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्याही. वायर रोज थंडच. शेवटी एके दिवशी काकांनाच अवघडल्यासारखं झालं. चहाचा ग्लास ठेवत म्हणाले, "आता काय बघायचं रायलं नाय. काम पक्कं झालंय."

त्यानंतर ते आले नाहीत. आठवड्याने सासूबाई म्हणाल्या, "तू गेलीस की बाळाराम गाडी पुसत बसतो. दुपार झाली तरी तितंच. जेवला काय विचारलं तर म्हनतो, भूक नाय."

दुसऱ्या सकाळी मी गाडी काढली आणि कुंपणापाशी थांबवली. काका फडकं घेऊन उठले.

"काका," मी म्हटलं, "काल सीटखाली वायर जरा गरम लागली."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी सीटखाली हात घातलाच नाही. फडकं खांद्यावर टाकून घाईघाईने आत गेले ते शर्टाची बटणं लावतच बाहेर आले.

"लागनारच गो," ते गाडीला किक मारत म्हणाले. "नागोठन्यापर्यंत काय कळत नाय. पुढं वडखळपर्यंत यावं लागंल."