तीट आणि वर्णपट

माझी मुलगी शर्वाणी वर्षातून तीन-चार वेळा वादळी ढगांच्या वर, सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरवर, पाच मिलिसेकंद लाल चमकते. उरलेला वेळ ती घरीच असते.

चौथं वर्ष लागलं की नोंद करावी लागते. टेकडीवरच्या केंद्रात तिच्या उजेडाचा वर्णपट काढतात आणि तो स्प्राइटच्या, म्हणजे ढगांवर चमकणाऱ्या लाल विजेच्या, तक्त्याशी जुळला नाही, तर रजिस्टरात नावापुढे कायमचं ‘साधी वीज’ लागतं. साध्या विजेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शर्वाणी साधी नाही. सगळ्याच आया असं म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तरीही.

केंद्राच्या डॉ. निमकर मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“लाल पट्टे सुरेख आलेत. नायट्रोजन तर बघत राहावा असा. पण ही मधेच काळी रेघ कसली?”

“तीट आहे,” मी म्हणाले. “डाव्या गालावरची.”

“वर जातानाही लावता?”

“मॅडम, चार जिल्ह्यांतली माणसं कॅमेरे रोखून बसतात. नजर लागते.”

“फॉर्मवर तुमचं शिक्षण एम.एस्सी. फिजिक्स लिहिलंय.”

“तेव्हा मला मूल नव्हतं.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “अनोळखी रेघ नियमात बसत नाही. गुरुवारी ढग आहेत. तीट न लावता पाठवा. यंदाची ही शेवटची संधी.”

गुरुवारी मी ओल्या फडक्याने तिचा गाल पुसला. “आई, किती घासतेस गं,” म्हणत ती वर गेली. मी श्वास रोखून धरला. पाच मिलिसेकंद रोखणं अवघड नाही. मी दुपारपासूनच रोखला होता. ती परत आली, वरणभात मागितला आणि जेवता जेवता झोपली.

शुक्रवारी मॅडम बराच वेळ कागदाकडे बघत बसल्या. एकही रेघ कमी नव्हती, एकही जास्त नव्हती. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आले.

“तीस वर्षांत इतका देखणा...” त्यांतला एक बोलू लागला.

“पुरे,” मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “काजळाची डबी आहे का जवळ?”

होती.

त्यांनी बोट बुडवून कागदाच्या रिकाम्या कोपऱ्यात एक ठिपका लावला, आणि त्याला धक्का न लावता शेजारी मंजुरीचा शिक्का मारला.