खारट भिंत आणि गुलाबी मणी

सबनीसबाई पहिल्यांदा आमच्या घरात आल्या, तेव्हा त्यांनी आमची भिंत चाखली. खिडकीखाली रंगाचे पापुद्रे सुटून जिथे पांढरी भुकटी फुलली होती, तिथून त्यांनी तर्जनी फिरवली, ती जिभेच्या टोकाला लावली, क्षणभर डोळे मिटले आणि एखादी सुगरण दुसरीच्या आमटीविषयी बोलते त्या स्वरात म्हणाल्या, "खारट. झाकायला हवं."

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती आणि आम्ही नुकतेच कोपरखैरण्याला राहायला आलो होतो. वसाहत नवी होती, पण तिथली घरे जन्मतःच म्हातारी होती. बांधणाऱ्यांनी वाळूबरोबर खाडीही कालवली होती की काय, कोण जाणे! पावसाळा सुरू झाला की भिंतींच्या अंगातून मीठ वर येई. त्याला लोणा म्हणतात. हळूहळू, आवाज न करता, तो माझ्या साऱ्या हौसेवर चढत होता आणि माझा संताप संताप होत होता. त्या संतापाला पुरेल एवढे सरपण घेऊन समोरच्या बिऱ्हाडातून सबनीसबाई अवतरल्या.

भिंतीनंतर त्यांची दृष्टी टीव्हीवरच्या फुलदाणीकडे गेली. वाशीहून मी मोठ्या आवडीने प्लास्टिकचे गुलाब आणले होते. बाईंनी एक उचलून हुंगला.

"विकत आणलेस?"

"हो."

"का? हातांना मेंदी लागली होती?"

हा प्रश्न त्या साऱ्या जगाला विचारीत. बाजारातून आकाशकंदील आणणाऱ्या वॉचमनला त्यांनी तो विचारला होता. सूचनाफलक विकत घेणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही, भर सभेत, विचारला होता. तीस वर्षे पालिकेच्या शाळेत कार्यानुभव शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर अवघी वसाहत हा त्यांचा चौथीचा वर्ग झाला होता. अरे-तुरेवाचून त्या कोणाशी बोलत नसत आणि परवानगी मागणे हा शब्दप्रयोग त्यांच्या शब्दकोशातच नव्हता. सकाळी दुधासाठी दार उघडावे, तर बाई ओठांत चार खिळे धरून उभ्या! आत येऊन त्या गोणपाटाची चौकट लोणा आलेल्या भिंतीवर ठोकून जात. ते गोणपाट हळदीच्या पाण्यात रंगवलेले असे, त्यावर फुटक्या बांगड्यांची वेल चढलेली असे आणि उन्हाची तिरीप पडली की सारी भिंत हिरव्या-लाल कवडशांनी थरथरे. वाईट मुळीच दिसत नसे. राग यायचा तो याचाच. माझ्या घरात मला न विचारता आलेली वस्तू मी आणलेल्या वस्तूहून सुंदर असावी, हा अपमान कोणत्या गृहिणीने सोसावा?

विकतच्या डिंकाला त्या पाप समजत. पिठाची खळ शिजवून तीत चिमूटभर मोरचूद टाकीत, म्हणजे झुरळे कागद खात नाहीत. त्या खळीचा कोमट, आंबूस वास त्यांच्या बोटांना कायमचा बिलगला होता. बाई येऊन गेल्या हे मला दार उघडण्याआधी नाकाला कळे.

त्यांच्या कच्च्या मालात मुख्य होत्या लग्नपत्रिका. मराठी घरात लग्नपत्रिका हे मोठे धर्मसंकट असते. लग्न लागते, त्या जोडप्याची मुले शाळेत जाऊ लागतात, तरी पत्रिका फेकता येत नाही, कारण तिच्यावर गणपती असतो. बाईंनी साऱ्या वसाहतीची या संकटातून सुटका केली होती. कातरीने त्या गणपती अलगद सोडवून एका डब्यात ठेवीत, अनंत चतुर्दशीला त्यांचे विसर्जन करीत आणि उरलेल्या कागदाच्या मालकीण होत.

मीही एक गठ्ठा दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या गठ्ठ्यात माझ्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका होती आणि तिच्या घडीत, पातळ गुलाबी कागदावर छापलेली, माझ्या वडिलांनी रचलेली मंगलाष्टके. बाबा आदल्याच वर्षी गेले होते. अक्षता पडल्या की मंगलाष्टकांच्या कागदाचे काम संपते, म्हणून लग्नात वाटलेल्या प्रतींपैकी दुसरी कुठेच उरली नव्हती. मला ती पाठही नव्हती. अंतरपाटामागे उभ्या असलेल्या मुलीला मंगलाष्टके कुठली ऐकू येतात? ती एकुलती प्रत मी जपून ठेवली होती. इतकी जपून, की कुठे ठेवली आहे हे विसरून गेले होते.

महिन्याभराने बाईंनी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात मण्यांचा पडदा टांगला. कागदाच्या लांब, निमुळत्या पट्ट्या कापायच्या, छत्रीच्या काडीभोवती गुंडाळायच्या आणि टोक खळीने चिकटवायचे, असे ते मणी. "पावसाळा संपला की वॉर्निश मारते," असे बजावून त्या गेल्या. वाऱ्याने पडदा हलला आणि वाळक्या शेंगांसारखा खुळखुळला. मी चरफडत त्यावरून हात फिरवला. एक गुलाबी मणी बोटांत आला. त्याच्या पोटावर एकच अक्षर होते: वृं.

मराठीत त्या अक्षराने सुरू होणारे शब्द फार नाहीत. त्यांतला एक मी आहे.

मी त्यांना हाका मारूनच बोलावले. "हे काय केलंत तुम्ही?"

"पडदा."

"हे माझ्या बाबांचं होतं! त्यांनी लिहिलेलं होतं!"

बाईंनी मणी निरखला. "गठ्ठ्यात तूच दिलास."

ते खरे होते, आणि खऱ्या बोलण्याइतका राग दुसऱ्या कशाचाच येत नाही. मी तो पडदा मुठीत धरून ओढला. दोरे तटातट तुटले आणि मणी फरशीवर, उंबऱ्यावर, जिन्यावर टपटप उधळले. "जन्मभर दुसऱ्यांच्या घरांत लुडबुड केलीत," मी ओरडले, "आता स्वतःच्या घरात जाऊन काय ते करा! माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नका!"

बाई खाली वाकल्या. एकेक मणी पदरात वेचून त्या निघून गेल्या. मेंदीविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत.

तीन आठवडे समोरचे दार बंद राहिले. जवळच्या बोनकोडे गावची हिराबाई बोंबलांची पाटी घेऊन आमच्याकडे येई. एके दिवशी वाटा लावता लावता ती म्हणाली, "बाय, ती समोरची म्हातारी जिन्यान रांगत व्हती गो. गुलाबी मनी शोधत व्हती."

"शोधू दे."

"मी बोलली, म्हातारे, तुजा काय हरवलाय? ती बोलली, माजा नाय, दुसऱ्याचा हाय."

वाचकांना वाटेल, माझा राग निवला. छे! तो दुप्पट झाला. माझे दुःखसुद्धा ही बाई मला न विचारता दुरुस्त करायला निघाली होती! हिराबाईला पैसे देऊन मी तडक समोरचे दार ठोठावले, आणि ते उघडताच आत घुसले. माझे मणी मला आत्ताच्या आत्ता परत द्या, हे वाक्य मी जिभेवर तयार ठेवले होते.

ते तिथेच राहिले. साऱ्या वसाहतीच्या भिंती सजवणाऱ्या त्या बाईच्या घरात, भिंतीवर काहीही नव्हते. वेल नव्हती, चौकट नव्हती, साधे कॅलेंडरही नव्हते. एक खाट, एक खुर्ची, आणि जमिनीपासून खिडकीपर्यंत चढलेला उघडा, पांढराशुभ्र लोणा. मधोमध कोमट पाण्याचे घमेले होते आणि शेजारी स्वच्छ धुतल्या लुगड्यावर गुलाबी पट्ट्या वाळत घातल्या होत्या.

"पिठाची खळ, म्हणून सुटतंय," माझ्याकडे न बघता बाई म्हणाल्या. "विकतचा डिंक असता तर बसली असतीस रडत. पंधरा मिळाले. एक नाही. तू ओढलास त्यात गेला कुठेतरी."

"म्हणजे मीच ओढायला नको होता, असं का?"

"मी कुठे तसं म्हटलं? बस. जोडायला मला येत नाही. मला काव्यातलं कळत नाही, फक्त कागदातलं कळतं."

मी बसले, रागातच बसले. प्रत्येक पट्टीवर रुंद टोकाला ओळीची दोन-तीन अक्षरे होती आणि निमुळत्या टोकाला जेमतेम अर्धे. बाई कडेला कड जुळवीत आणि मी ओठांतल्या ओठांत शार्दूलविक्रीडित म्हणत गुरू-लघू मोजी. चाल अडखळली की पट्टी चुकली, असे समजायचे. भिजल्या कागदाचा आणि शाईचा वास घरभर पसरला होता. दुपार कलली तेव्हा बाबांची पहिली ओळ लुगड्यावर उमटली: "वृंदा ही तुळशीसमान… दारी उभा चंद्रमा." मधली पट्टी नव्हती. तिची निमुळती फट वरच्या ओळीत तीन अक्षरांची होती आणि शेवटच्या ओळीत केसाएवढी.

"दोन लघू, एक गुरू," मी पुटपुटले. "हसरी असेल. 'वृंदा ही तुळशीसमान हसरी'."

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "मुलीला ओळखणारा बाप होता ना? मग 'चिडकी' असेल."

मी मोजले. चि, ड, की. दोन लघू, एक गुरू. वृत्ताला तिळमात्र धक्का लागत नव्हता! बाबांच्या जाण्यानंतर मी मोठ्याने हसले ते त्या घरात, त्या फरशीवर बसून, आणि हसता हसता डोळे कधी भरले ते मला कळले नाही. बाईंनी घाईने पट्ट्या बाजूला सरकवल्या. "कागदावर नको. पुन्हा भिजेल."

थोड्या वेळाने मी विचारले, "बाई, तुमच्याकडे काहीच कसं नाही लावलेलं?"

त्या घमेल्यातले पाणी हलवत राहिल्या. "शाळेत जे करायचो ते मुलं घरी घेऊन जायची. पाच वाजले की वर्ग रिकामा. तीच सवय." मग, हवेला सांगावे तसे, "आपणच लावायचं आणि आपणच बघायचं… ते नाही गं जमत."

कोपऱ्यात एका पिशवीत तुटलेल्या पडद्याच्या पुन्हा ओवलेल्या सरी गुंडाळून ठेवल्या होत्या. मी उठले. खाटेच्या उशाशी गेले, भिंतीवरून बोट फिरवले आणि जिभेला लावले.

"खारट," मी म्हणाले. "झाकायला हवं. खिळे कुठे आहेत?"

खाटेखालून बाईंनी खिळ्यांची पुडी काढली आणि हातोडी माझ्यापुढे धरली. माझी बोटे दांड्यावर मिटली, तरी त्यांची सुटायला थोडा वेळ लागला.

पहिला ठोका वाकडा बसला आणि मूठभर लोणा ढासळला.

"अगं, सरळ मार की!" मागून खाटेवरून आवाज आला. "हातांना मेंदी लागलीय का?"