आसादोरसाठी सर्वानुमते टाळ्या

लोमा सेका सामाजिक व क्रीडा क्लबाच्या घटनेत आसादोरसाठी टाळ्या वाजवणं सक्तीचं आहे, असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट कलम एकोणीस सांगतं की, रविवारचं भाजलेलं मांस वाढून झालं की सभासद 'स्वयंस्फूर्तीने' टाळ्या वाजवतील. त्यामुळे मार्चमधल्या एका रविवारी नोर्बेर्तो बास्सो याने टाळ्या वाजवल्या नाहीत, तेव्हा प्रश्न शिस्तीचा नव्हता. प्रश्न स्फूर्तीचा होता आणि म्हणूनच जास्त गंभीर होता.

आसादोर म्हणजे मांस भाजणारा. आमच्या क्लबाचे आसादोर डॉन ओलेगारियो इतुर्बे. डॉन ही आमच्याकडे वयाला दिलेली पदवी आहे. तिचा दहशतीशी काही संबंध नाही, त्यांनी वाढलेलं ताट सोडलं तर. क्लबाच्या मागच्या अंगणात विटांची लांब भट्टी आहे आणि तिच्या जाळीमागे, डोक्यावर काळी चपटी टोपी घालून, डॉन ओलेगारियो उभे असतात. अर्जेंटिनात दुसऱ्याच्या पोराला वळण लावायला गेलेला माणूस एखाद्या वेळी खपतो, पण दुसऱ्याच्या निखाऱ्यांत नाक खुपसणारा खपत नाही. त्यामुळे डॉन ओलेगारियोंना आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

लोमा सेकातलं शेंबडं पोरही सांगेल की, बरगड्यांना हाडाची बाजू खाली ठेवून मंद आचेवर बसू द्यायचं असतं. पोटाकडचा तुकडा, ज्याला आम्ही वासियो म्हणतो, त्याची चरबी राखत राखत सावकाश सोनेरी करायची असते. बोटभर जाडीच्या पाठीच्या स्टेकला एकदाच उलटायचं असतं. आणि एन्त्रान्या, म्हणजे छातीच्या पडद्याची ती पातळ पट्टी, ती तर रसरशीत निखाऱ्यांवर इकडून एकदा, तिकडून एकदा, की लगेच उतरवायची. डॉन ओलेगारियो मात्र समतावादी होते. जात, जाडी, हाड, चरबी असा कोणताही भेद न करता ते सगळं मांस सकाळी जाळीवर चढवत आणि चर्च सुटलं की उतरवत.

क्लबाच्या नावात क्रीडा हा शब्द आहे. फुटबॉलचं मैदान कधीच सोयाबीनखाली गेलं. आता चावणं हाच एक खेळ उरला होता. गावातली कुत्री रविवारी क्लबाच्या फाटकाशी येऊन बसत, आणि तीही अलीकडे तुकडा हुंगून विचार करत. क्लबाचे अध्यक्ष डॉक्टर तिसेरा यांच्या मते डॉन ओलेगारियोंच्या हाताला तोड नव्हती. डॉक्टर तिसेरा हे दातांचे डॉक्टर आहेत.

तर त्या रविवारी झालं असं. नोर्बेर्तो वासियो कापत होता. सुरी चालेना. त्याने जोर लावला, सुरी सटकली आणि डाव्या तळहातात गेली. त्याने हाताला गच्च रुमाल बांधला आणि निमूटपणे बसून राहिला. तेवढ्यात कुणीतरी नेहमीप्रमाणे ओरडलं, "आसादोरसाठी टाळ्या!" सगळ्यांनी कडकडाट केला. एका हाताने टाळी वाजत नाही, हे तुमच्याकडचं म्हणणं आमच्याकडेही तितकंच खरं ठरलं.

सोमवारी अध्यक्षांनी त्याला बोलावून घेतलं. इतिवृत्तात दर रविवारी 'सर्वानुमते टाळ्या' अशी नोंद होते, आणि या खेपेला ती करता येत नाही, हे त्यांनी खेदाने सांगितलं. एवढ्यावर भागलं असतं तर नोर्बेर्तोने माफी मागून विषय संपवला असता. पण त्याच्या मुलीचा, मिलीचा, पंधरावा वाढदिवस मे महिन्यात होता. मुलीचा पंधरावा आमच्याकडे लग्नाच्या खालोखाल असतो. झग्याची मापं देऊन झाली होती, पाहुण्यांना कळवून झालं होतं, आणि अख्ख्या गावात वॉल्ट्झ नाचता येईल असा एकच हॉल होता. तो क्लबाचा होता. चौकशी चालू असलेल्या सभासदाला हॉल मिळत नाही.

मिलीला वाढदिवसाला एकच गोष्ट हवी होती. बाबाच्या हातची एन्त्रान्या, मध्ये गुलाबी, कापली की ताटात रस यावा अशी. नोर्बेर्तो घरच्या परसात ती तिच्यासाठी करायचा, पडदे ओढून, वाऱ्याची दिशा बघून. बाहेर वास गेला असता तर डॉन ओलेगारियोंना वाईट वाटलं असतं. वाढदिवसाला हॉल घेणाऱ्या सभासदाला भट्टीही वापरायला मिळते, म्हणून या वेळी ती उजळ माथ्याने करायचं त्याने तिला कबूल केलं होतं.

शिस्तपालन समितीत तिघं होते. अध्यक्ष, अध्यक्षांचे मेहुणे, जे सुऱ्या-काट्यांचा विभाग सांभाळत, आणि एक बाई, ज्या शाकाहारी होत्या आणि म्हणून मांसाच्या बाबतीत निःपक्षपाती समजल्या जात. नोर्बेर्तोने पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला. त्याला वाटलं, झालं, सुटलो.

"हात कशाने कापला?" अध्यक्षांनी विचारलं.

"मांस कापताना."

"क्लबाचं मांस?"

नोर्बेर्तोने हात टेबलावरून खाली घेतला. आपण आगीतून फुफाट्यात चाललो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. समितीने पहिल्या आरोपाला, म्हणजे टाळ्यांच्या वेळच्या मौनाला, दुसरा आरोप जोडला: मांसाची बदनामी.

मग त्याने घाईघाईने सांगितलं की, मांसाचा दोष नव्हता, सुरीच बोथट होती. त्याबरोबर मेहुणे उठून उभे राहिले. क्लबाच्या सुऱ्यांना ते दर शनिवारी स्वतः धार लावत, आणि असा आरोप त्यांच्या दिवंगत वडिलांवरही कुणी केला नव्हता. तिसरा आरोप जोडला गेला. मग नोर्बेर्तो म्हणाला, सुरी चांगलीच होती, माझाच हात वेंधळा. त्यावर शाकाहारी बाईंनी चष्मा पुसत विचारलं की, वेंधळ्या माणसाला दीडशे पाहुण्यांसाठी विस्तवाजवळ उभं राहू देणं क्लबाला परवडेल का.

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मिलीचा झगा. समितीलाही प्रकरण वाढवायचं नव्हतं. डॉक्टर तिसेरा मनाने वाईट नाहीत. त्यांनी बराच वेळ विचार केला. सुरी धारदार होती, हे मेहुण्यांमुळे सिद्ध होतं. हात सराईत होता, हे नोर्बेर्तोच्या हितासाठी मानायला हवं होतं. मांसाबद्दल शंका घेता येत नव्हती. तरीही जखम झाली होती. मग या सगळ्यातून एकच निष्कर्ष निघत होता आणि तो त्यांनी स्वतः सांगितला: वासियो इतका मऊ होता की सुरीला जराही अडकाव झाला नाही, ती लोण्यातून जावी तशी आरपार गेली आणि थेट तळहाताला लागली. म्हणजे ही जखम आसादोरच्या कौशल्याचा पुरावाच होती. शुक्रवारच्या सभेत नोर्बेर्तोने एवढंच सर्वांसमोर म्हणायचं, म्हणजे सुंठीवाचून खोकला जाईल.

घरी त्याने हे ग्रासिएलाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती वाटीत चिमिचुरीसाठी, म्हणजे मांसावर घालायच्या चटणीसाठी, अजमोदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"तुला खरंच बोलायचं असेल तर बोल," ती म्हणाली. "फक्त आधी मिलीला सांगून ठेव, वॉल्ट्झ कुठे नाचायचा ते. तुझ्या ट्रॅक्टरच्या दुकानात, टायरांच्या मधून?"

शुक्रवारी सभा भरली. नोर्बेर्तोने वाक्य पाठ केलं होतं. पण त्याने तोंड उघडण्याआधीच मागच्या रांगेतून डॉन ओलेगारियो उठले आणि काठी टेकत पुढे आले. टोपी त्यांनी हातात धरली होती. इतक्या वर्षांत कुणी त्यांना टोपीशिवाय पाहिलं नव्हतं.

"मला त्याला काहीतरी विचारायचंय," ते अध्यक्षांना म्हणाले आणि नोर्बेर्तोकडे वळले. "हे बघ पोरा, माझ्या तोंडात कवळी आहे. डॉक्टरांनीच बसवलीय, छान आहे, पण मांस चाववत नाही. मी रविवारी तुम्हाला वाढतो आणि घरी जाऊन भोपळ्याचं सूप पितो. मी काय भाजतो ते मलाच ठाऊक नाही. तुम्ही टाळ्या वाजवता, म्हणून मी म्हणतो, बरं होत असेल."

सभेत कुणीतरी खुर्ची सरकवली. डॉन ओलेगारियो बोलतच राहिले.

"त्या दिवशी तुझे हात मला टेबलावर दिसले. खरं सांगू? बरं वाटलं रे. म्हटलं, चला, एकाने तरी सांगितलं. गुडघे गेलेत माझे. धुराने डोळ्यांचं पाणी थांबत नाही. पण टाळ्या पडत आहेत तोवर आसादोरने काटा खाली ठेवून निवृत्त व्हायचं नाही असं कलम आहे, तो म्हणे सभासदांचा अपमान. तू फक्त सांग. मांस कडक होतं ना?"

नोर्बेर्तोला भडभडून आलं. या माणसाच्या हातचं त्याने लहानपणापासून खाल्लं होतं. ते चांगलं होतं त्या काळातलंही खाल्लं होतं आणि नंतरचंही. एक 'हो' म्हटलं असतं तर म्हातारा सुटला असता, भट्टी सुटली असती, गावाच्या दाढा सुटल्या असत्या. त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष हॉलच्या छताकडे बघत होते, जिथे मेमध्ये झुरमुळ्या लागणार होत्या किंवा लागणार नव्हत्या.

"लोण्यासारखं होतं, डॉन ओलेगारियो," नोर्बेर्तो म्हणाला.

सभेने टाळ्या वाजवल्या. स्वयंस्फूर्तीने. तिन्ही आरोप मागे घेतले गेले आणि हॉल मंजूर झाला. डॉन ओलेगारियोंनी टोपी डोक्यावर चढवली. ते नोर्बेर्तोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग मिलीचंही मीच करतो. एवढी जाण असलेल्या माणसाच्या पोरीचं मांस दुसऱ्याच्या हातात कसं देऊ?"

नको म्हणायला नोर्बेर्तोकडे एकही कारण उरलं नव्हतं. जे होतं ते त्याने नुकतंच सर्वांसमोर खोटं ठरवलं होतं.

वाढदिवसाच्या दिवशी तो सकाळीच क्लबात गेला. कसायाने बाजूला काढून ठेवलेली एन्त्रान्या, गावात त्या आठवड्यात मिळालेली सगळ्यात चांगली, जाळीवर चढलेलीच होती, बरगड्यांच्या शेजारी, बरगड्यांच्या हक्काने. पाहुणे दुपारी येणार होते. तो भट्टीशी उभा राहिला. डॉन ओलेगारियोंनी काट्याने निखारे सारखे केले, पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उतरवू का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

आसादोर असं कुणाला विचारत नाही. हे विचारणं म्हणजे काय, ते नोर्बेर्तोला कळलं. पण दुसऱ्याच्या निखाऱ्यांबद्दल बोलायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. आणि भिंतीपलीकडे मेहुणे सुऱ्यांना धार लावत होते.

"तुमच्या हिशेबाने करा," तो म्हणाला. "तुम्हाला काय सांगायचं."

दुपारी दीडशे माणसं जेवायला बसली. मिली गुलाबी झग्यात मधल्या टेबलावर होती. तिच्या ताटात पहिला तुकडा पडला तेव्हा आवाज झाला. तिने सुरी लावली. ताट सरकलं, ग्रासिएलाने ते धरून ठेवलं, आणि बऱ्याच झटापटीनंतर एक घास सुटला. तो तोंडात घालून मिली चावू लागली. पाहुणेही चावू लागले. संगीताला सुरुवात झाली, एक गाणं संपलं, दुसरं लागलं, तरी हॉलभर तेच चाललं होतं.

डॉन ओलेगारियो काठी टेकत तिच्या टेबलाशी आले. एप्रनला हात पुसून ते वाकले.

"कसं झालंय गं?" त्यांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

मिलीने बाबाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, चावल्याने की कशाने ते सांगता येत नाही. नोर्बेर्तो कोशिंबिरीतला टोमॅटो निरखत होता. पंधरा वर्षांची झालेली मिली मग मोठी झाली. तिने घास गालात सरकवला, हसली आणि म्हणाली, "छान झालंय, आजोबा."

नोर्बेर्तो उठला. त्याचा हात आता पूर्ण बरा झाला होता. "आसादोरसाठी टाळ्या!" तो म्हणाला, आणि असा कडकडाट झाला की फाटकावरची कुत्रीसुद्धा दचकली. डॉन ओलेगारियोंची नजर एकेका टेबलावरून फिरली. ते कुणाचे तरी स्वस्थ पडलेले हात शोधत होते. सापडले नाहीत, तेव्हा त्यांनी मान लववली आणि पाय ओढत भट्टीकडे परत गेले, कारण दुसरं वाढप व्हायचं होतं.

नोर्बेर्तोला भित्रा म्हणणं सोपं आहे, वाचकहो. तुम्ही मात्र परवा जेवायला गेला होतात, यजमानीणबाई पानाशी वाकून "कसं झालंय?" म्हणाल्या, तेव्हा घास गालात सरकवून तुम्ही काय उत्तर दिलंत, ते जरा आठवा. त्यांनी ते खरं मानलं आहे. येत्या रविवारी त्यांनी तुम्हाला पुन्हा बोलावलं आहे, आणि तोच पदार्थ, तुम्हाला आवडला म्हणून, दुप्पट करणार आहेत.