देवराम सगळंच होणार होता

'बीएस्सी करून पुढं काय होणार?' असं विचारलं की पोरं साधारणपणे खाली बघतात. आमचा देवराम विचारणाऱ्याकडं बघायचा. समोरच्याला कशाची नड आहे ते त्याला एका नजरेत कळायचं, आणि मग तो ठामपणे म्हणायचा, "मी तर तेच होणार हाय."

मोखाड्याकडच्या एका पाड्यावरून तो जव्हारला कॉलेजात आला होता, मी जामसरहून. दोघांचंही जीवशास्त्र, हॉस्टेलची खोलीही एकच. सुट्टीत त्याच्या पाड्यावर गेलो की करमणूक ठरलेली. रावजीबाबांची सगळी हयात रानात गेलेली. ते म्हणायचे, जंगलखात्यात आपलं माणूस पाहिजे. देवराम म्हणायचा, "मी तर तेच होणार हाय." गोविंदकाकाच्या शेततळ्यात मासे टिकत नव्हते; त्याला हा मत्स्यखात्यातला साहेब होऊन दाखवणार होता. सोनूआजीच्या कोंबड्या रोगानं मरायच्या, म्हणून तिच्यासाठी कोंबड्यांचा डॉक्टर. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं, की बाबा रे, त्या डॉक्टरकीचा अभ्यास वेगळा असतो, आपल्या बीएस्सीतून कुणी ते होत नाही. तो म्हणाला, "म्हातारीला ते कशाला सांगतोस?"

थापाड्या म्हणून सोडून द्यावं, तर तसाही नव्हता. शब्द देऊन आला की ग्रंथालयात ठाण मांडायचा. तळ्याचं पाणी बाटलीत भरून आणायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. सर प्रात्यक्षिकाबद्दल विचारायचे आणि हा गोविंदकाकाच्या तळ्याचं सांगत सुटायचा. परीक्षेत मात्र नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं यायचं.

एकदा सोनूआजी जीपमधून उतरली ती थेट हॉस्टेलच्या दारात. टोपलीत मान टाकलेली कोंबडी, आणि आमचा डाक्टर कुठं हाय म्हणून विचारणा. पोरं हसून लोळायची बाकी राहिली. देवराम हसला नाही. टोपली स्वतः घेतली, आजीला गुरांच्या दवाखान्यात नेलं, रांगेत उभा राहिला, औषध घेऊन तिला परतीच्या जीपमध्ये बसवून दिलं. तास बुडाला तो बुडालाच. मी बोललो, तर म्हणाला, "एवढ्या लांबून माझ्या भरवशावर आली होती रे."

पदवी झाली. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करून जव्हारमध्येच रक्त तपासायला लागलो. देवराम घरी भात-नाचणीची शेती करत होता आणि लग्नाचा झाला होता. माझी चुलत बहीण सुनंदा नर्स. स्थळ मीच सुचवलं आणि तिच्या वडलांना, म्हणजे माझ्या काकांना, आणि तिला घेऊन पाड्यावर निघालो. काका जात्याच संशयी, वाटेतच चौकशी सुरू. पहिले भेटले रावजीबाबा. म्हणाले, पोरगा जंगलखात्यात लागतोय. जरा पुढं गोविंदकाका. त्यानं मत्स्यखातं सांगितलं. सोनूआजीनं तर डॉक्टरच करून टाकला.

काका माझ्याकडं वळले. "अरे, मुलगा एक आहे की तीन?"

मी वाट दाखवायच्या निमित्तानं भराभर पुढं झालो.

देवरामच्या ओटीवर सगळा पाडा जमला होता. काकांनी चहाला हात न लावता सरळ विचारलं, की नक्की काय होणार आहेस? देवरामनं एकेकाकडं पाहिलं. कुठलंही एक नाव घेतलं तरी बाकीचे तोंडघशी पडणार होते. त्यानं काकांचा चहा आणखी पुढं सरकवला. काका उठले आणि चपला शोधू लागले. स्थळ गेलंच म्हणून मी मान खाली घातली.

तेव्हा सुनंदा बोलली. "सगळ्यांचं राहू द्या. तुम्हाला स्वतःला काय व्हायचंय?"

सवयीनं तो तिच्याकडं बघून तिची नड शोधू लागला. तिला काहीच नको होतं. मग हळू आवाजात म्हणाला, "हे मला कुणी विचारलंच नव्हतं." आणि पुढं, "मास्तर. बायलॉजीचा."

गोविंदकाकाचं तोंड उतरलं. मग माझ्या तळ्याचं काय, असं तो म्हणाला.

"एकला मी किती होणार, काका? मी शिकवीन. मंग तुमच्याच घरातली पोरं होतील. तळ्याचा एक, रानाचा एक."

"आन कोंबड्यांचा?" सोनूआजीनं विचारलं.

"तो पण, आजी."

माझे काका पुन्हा खाली बसले आणि निवलेला चहा प्यायले.

देवराम बीएड झाला, एका आश्रमशाळेत लागला, सुनंदाशी लग्नही झालं. आणि सांगतो ते खोटं वाटेल, पण त्यानं शिकवलेली पोरं खरंच एकेक करून नोकरीला लागली. गोविंदकाकाचा पुतण्या मत्स्यविज्ञान शिकून आला, त्यानं आधी चुलत्याचं तळं ताळ्यावर आणलं. सोनूआजीची नात पदविका घेऊन गुरांच्या दवाखान्यात आहे. माझ्या लॅबमधली मुलगी त्याचीच विद्यार्थिनी. माझ्यापेक्षा चटपटीत आहे, हे मी तिला सांगत नाही.

यंदा पाड्यावरची कमल वनरक्षक झाली. ती खाकी गणवेशात घरी आली त्या दिवशी ढोल वाजत होता, काका आणि मीही गेलो होतो. देवराम सगळ्यांच्या मागं उभा होता आणि त्याला रडू आवरत नव्हतं. पाड्याला दिलेले शब्द हा माणूस इतकी वर्षं एकटा वाहत होता, आणि आज त्यातला शेवटचा खाली उतरला होता. मला त्याचा मनापासून अभिमान वाटला.

रावजीबाबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी कमलच्या बाहीवरून हात फिरवून कापडाची खात्री करून घेतली आणि माझ्या काकांना जवळ बोलावलं.

"तुमाला वाटंत सांगितलं होतं ना, देवराम जंगलखात्यात लागंल म्हणून?"

काकांनी देवरामकडं पाहिलं, मग कमलकडं.

"लागला, बाबा," ते म्हणाले.